लग्नाची एकांकिका: बातमी प्रेक्षकाला आधी सांगावी की शेवटी?

सांजवात

मंडळी, एका एकांकिकेत अडकले आहे, मदत हवी आहे. आमचा गट साताऱ्याचा, सगळे नोकरी-धंदा सांभाळून तालमी करणारे. वेळ ४५ मिनिटं, पात्रं सहा, नेपथ्य एकच: मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली.

गोष्ट अशी. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा. पडदा उघडतो तेव्हा बाराला आठ कमी आहेत, म्हणजे रंगमंचावरचं घड्याळ आणि प्रेक्षकाच्या हातातलं घड्याळ बरोबरीने चालतं. नवरी कोपऱ्यात गौरीहर पुजायला बसली आहे. आईची नजर सारखी दाराकडे, कारण तिचा थोरला भाऊ, नवरीचा मामा, पाटणहून अजून पोचलेला नाही. भाचीला मांडवात त्यानेच आणायचं. प्रत्यक्षात मामा सकाळी साडेसहालाच गेलाय. अंगणात स्कूटर पुसता पुसता खाली बसला तो उठलाच नाही. मामीचा फोन नवरीच्या भावाला आला आणि त्याने ठरवलं, अक्षता पडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

माझ्या खर्ड्यात ही बातमी शेवटच्या मिनिटाला फुटते. मंगलाष्टका संपतात, वाजंत्री सुरू होते, भाऊ आईला सांगतो, अंधार. गटात वाचन केलं तेव्हा शेवटाला सगळे चरकले. पण मधली पस्तीस मिनिटं ऐकणाऱ्यांचं लक्ष उडालं होतं, मी समोर बसून पाहत होते. प्रसंग खोटे नाहीत, माणसं ओळखीची आहेत, तरी आत काही ओढ लागत नाही. कुठे चुकतंय?

तिसरी घंटा

सांजवातताई, मधली पस्तीस मिनिटं ताणली जात नाहीत कारण ताण फक्त तुम्हाला आणि भावाला ठाऊक आहे. प्रेक्षकाला दिसतंय काय, तर एक आई "दादा कसा नाही आला अजून" म्हणत फिरते आहे. असं प्रत्येक लग्नात कुणीतरी फिरत असतंच.

रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं, ते इथे चपखल बसतं. माणसं टेबलाभोवती गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट होतो: प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तेच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलंय, घड्याळ दिसतंय, आणि टेबलावरच्यांना पत्ता नाही: पंधरा मिनिटांचा ताण. गप्पा दोन्हीकडे त्याच. दुसऱ्या वेळी मात्र प्रत्येक शब्द प्रेक्षकाच्या जिवाला लागतो.

तुमच्या नाटकात बॉम्ब साडेसहालाच ठेवला गेलाय. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकाला दाखवून टाका. मग आईचं "दादा कसा नाही आला" हेच वाक्य, एक शब्दही न बदलता, ऐकवणार नाही.

बांधावरचा

मला हे पटत नाही. मी पंधरा वर्षं गणेशोत्सवात एकांकिका बसवतोय. मंडपात लहान पोरं, प्रसादाची गडबड, मागे रस्ता. तिथे शेवटचा दणका नसेल तर माणसं पांगतात. पहिल्याच पाच मिनिटांत मामा गेल्याचं सांगून टाकलं तर पुढची चाळीस मिनिटं प्रेक्षकाने कशासाठी बसायचं? उत्सुकता म्हणजे न माहीत असणं. तेच काढून घेतलं तर उरलं काय?

तिसरी घंटा

"काय झालं" हा प्रश्न संपतो, खरंय. पण "आईला कोण सांगणार, कधी, आणि त्याआधी तिला कळलं तर" हा सुरू होतो. पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते मिळालं की नाटक संपलं. दुसरा दर मिनिटाला नव्याने उभा राहतो.

कऱ्हाकाठ

बांधावरचा दादा, तुमच्या शंकेचं उत्तर आपल्याच घरात आहे. समर्थांच्या लग्नाची गोष्ट घ्या. जांबचा बारा वर्षांचा नारायण अंतरपाटाआड उभा आहे, ब्राह्मण "सावधान" म्हणतात आणि तो मांडवातून निघून जातो. ही गोष्ट ऐकायला बसलेल्या एकाही माणसाला शेवट नवीन नसतो. तरी चांगला कीर्तनकार ती सांगताना काय करतो? तो थेट "सावधान"वर येत नाही. आधी आईने कशी शपथ घातली ते सांगतो, हळद कशी लागली ते सांगतो, मग पाट मांडतो, अंतरपाट धरतो, एकेक मंगलाष्टक गाऊन घेतो. प्रत्येक कडव्याला आपण मनात म्हणतो, आता. माझी आजी दरवर्षी रामनवमीच्या उत्सवात तेच आख्यान ऐकायची आणि दरवर्षी त्या जागी पदराची गाठ हातात घट्ट धरायची. तिला काय माहीत नव्हतं?

माहीत असणं आणि वाट बघणं यांचं वैर नाही. उलट आपल्या मंगलाष्टकांइतकी ताणायला सोयीची रचना दुसरी सापडायची नाही. शार्दूलविक्रीडित वृत्ताची ती लांब ओळ, प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच "सावधान", प्रत्येक वेळी अक्षतांची मूठ, आणि आठावर थांबेल म्हणावं तर कुणीतरी आत्या स्वतः रचलेलं नववं कडवं घेऊन माइककडे निघालेली.

बांधावरचा

कीर्तनाचा मुद्दा मनाला लागला. विचार करतो.

वैदर्भीय

मी नाटकातली नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आमच्या घरी हे खरंच झालंय. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या सकाळी आमचे आजोबा दवाखान्यातच वारले. आजीला सांगितलं नाही. फक्त काकांना माहीत होतं.

त्या दिवशीचे काका मला अजून दिसतात. ते रडले नाहीत, कोपऱ्यात गेले नाहीत, कुणाशी कुजबुजलेही नाहीत. ते वाढत होते. पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत मठ्ठ्याची बादली त्यांच्या हातात. वाढपी म्हणाला, "द्या काका, मी घेतो," तर दिली नाही. हात रिकामा झाला असता तर कुणीतरी जवळ येऊन "बाबांचं कसं आहे" विचारलं असतं ना. बादली हातात असलेल्या माणसाला लोक फक्त "इकडे, इकडे" म्हणतात.

आणि आजीने आजोबांसाठी दोन बुंदीचे लाडू रुमालात बांधून ठेवले होते. डबा मिळत होता, पण तिला रुमालच हवा होता, आजोबांचाच. सगळ्यांना सांगत होती, "संध्याकाळी दवाखान्यात नेऊन देईन." काका दोनदा तिच्या समोरून बादली घेऊन गेले.

एक आणखी. काकाही आधी "अक्षता पडल्या की सांगू" असंच म्हणाले होते. अक्षता पडल्यावर म्हणाले, सप्तपदी होऊ द्या. मग म्हणाले, जेवणं होऊ द्या. शेवटी पाठवणी झाल्यावर, पाचच्या पुढे सांगितलं. तुमचा भाऊ अक्षता पडताक्षणी सांगतो, तिथे मला तो खरा वाटला नाही. न सांगणारा माणूस मुदत पुढे ढकलत राहतो.

सांजवात

वैदर्भीयताई, काय लिहिलंत. मी दोनदा वाचलं. तुमच्या काकांची बादली मी घेणार नाही, ती तुमच्या घरची आहे. पण भावाला सतत हातात काहीतरी हवं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझा भाऊ खोलीच्या मधोमध उभा राहून हात चोळतोय. पुढे ढकलली जाणारी मुदत मात्र घेते, परवानगी असेल तर.

वैदर्भीय

घ्या ना. काका असते तर त्यांनाही आवडलं असतं.

शास्त्रीबुवांची नात

एक दुरुस्ती सुचवू का? तुमचा भाऊ बातमी का लपवतो? खर्ड्यात कारण "सुतक लागेल, लग्न थांबेल" असं असेल तर जाणत्या प्रेक्षकाला ते टोचेल. नांदीश्राद्ध होऊन देवक बसलं की नंतर आलेलं सुतक त्या कार्याला बाधत नाही, असं मानतात. शिवाय मामा वेगळ्या गोत्राचा, त्याचं सुतक नवरीच्या घरच्यांना दहा दिवसांचं नसतंच. माझे आजोबा पौरोहित्य करायचे, आणि भर लग्नात असा प्रश्न घेऊन आलेल्या यजमानांना ते हेच सांगून शांत करायचे.

पण ही दुरुस्ती तुमच्या फायद्याची आहे. भावाला सुरुवातीला सुतकाचीच भीती वाटू द्या. तो गुरुजींना बाजूला घेऊन आडून विचारतो, "समजा एखाद्या लग्नात असं झालं तर..." गुरुजींना वाटतं सहज विचारतोय. ते पानाची शीर काढत सांगतात, "देवक बसलंय ना? मग काही अडत नाही." आता भावाकडचं शास्त्राचं कारण संपलं. सांगायला मोकळा आहे. तरी तो सांगत नाही. आता तो जे लपवतोय ते फक्त आईच्या तोंडाकडे बघवत नाही म्हणून. नाटक खरं तिथे सुरू होईल असं मला वाटतं.

तिसरी घंटा

क्या बात है. ताई, हा प्रसंग गेलाच पाहिजे. आणि गुरुजींना शेवटपर्यंत कळू देऊ नका.

विंगेतला

मी प्रकाश आणि ध्वनी करतो, त्या अंगाने लिहितो.

मांडव रंगमंचावर आणू नका. एकांकिकेत मांडव आणला की वऱ्हाड लागतं, वऱ्हाड आणलं की सहाऐवजी वीस माणसं लागतात आणि ताण विरघळतो. मांडव फक्त ऐकू येऊ द्या. सनई, खुर्च्या ओढल्याचे आवाज, माइकवर कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणतंय, गाडी काढा म्हणून नंबर पुकारला जातोय. सातारची गाडी असो, कराडची असो, नंबर पुकारला की आई दाराकडे जाणार. कारण मामाची गाडी आली असेल. काही सांगायची गरज नाही, नुसता पुकारा होऊ द्या.

आणि खोलीचं दार. ते सतत उघडत राहिलं पाहिजे. लग्नघरात बंद दार कुणाला चालत नाही, आणि ज्याच्याकडे लपवायला काही आहे त्याला नेमकं तेच हवं असतं. भाऊ दोनदा कडी लावतो, दोनदा कुणीतरी बाहेरून "अगं पिना आहेत का" म्हणत दार वाजवतं.

कोपऱ्यातली खुर्ची

दोन परदेशी एकांकिका आठवल्या, दोन्ही लग्नाच्या मेजवानीतल्या, म्हणून सांगतो.

रशियन लेखक चेकॉव्हच्या एकांकिकेत (१८८९ च्या आसपासची) जावई भर समारंभात सासूच्या मागे लागलाय, कबूल केलेली लॉटरीची दोन तिकिटं अजून दिली नाहीत म्हणून. दुसरीकडे लग्नाची शोभा वाढवायला एक "जनरल" आणायचा म्हणून मध्यस्थाकडे पंचवीस रूबल दिलेत. मध्यस्थाने ते खिशात घातलेत आणि बोलावलेल्या बिचाऱ्या म्हाताऱ्या नौदल अधिकाऱ्याला पैशांची काहीच कल्पना नाही. तो मनापासून आनंदाने आलाय. त्याचा आनंद जितका वाढतो तितका आपला जीव खालीवर होतो.

दुसरी जर्मन नाटककार ब्रेख्तची, १९१९ ची. नवरदेवाने घरातलं सगळं सामान स्वतःच्या हाताने बनवलंय, सरससुद्धा स्वतः कढवलाय, आणि त्याला त्याचा फार अभिमान आहे. जेवण चालू असताना एकेक वस्तू मोडायला लागते. घरातलं जे बोललं जात नाही ते खुर्च्या बोलतात.

मुद्दा असा, की सांजवातताईंच्या खोलीत मामाची वस्तू कुठे आहे? मामा प्रेक्षकाने कधी पाहिलेला नाही. नुसत्या नावासाठी ४५ मिनिटं जीव तुटत नाही. त्याची जागा धरून ठेवणारी एक वस्तू हवी.

बांधावरचा

मला सुचतंय. फेटा.

आमच्या कोल्हापूरकडे लग्नात फेटेवाला येतो, दोन्हीकडच्या मानकऱ्यांना बांधतो. मापाचा शिवलेला नाही, डोक्यावर बांधायचा. म्हणजे माणूस असल्याशिवाय फेटा नाही, नुसतं कापड. सगळ्यांचे बांधून झालेत, एक राहिलाय. मामाचा. फेटेवाल्याला पुढच्या लग्नाला जायचंय. तो दर दहा मिनिटांनी दारात येतो: "ताई, मामांचा तेवढा राहिलाय. मला दीडला कराडात पोचायचंय." त्याला कसलीच कल्पना नाही, तो त्याच्या कामाचं बोलतोय. आणि आई प्रत्येक वेळी त्याची मनधरणी करते, "थांबा हो पाच मिनिटं, चहा घ्या, निघालाय तो."

मी माझं आधीचं मत मागे घेतो. हा फेटेवाला उभा करायचा असेल तर प्रेक्षकाला आधी सांगावंच लागेल. नाहीतर तो नुसता घाईतला माणूस वाटेल.

सांजवात

बांधावरचा दादा, हे वाचून मी रात्री पावणेबाराला उठून दिवा लावला आणि लिहायला बसले.

दूरदेशी

न्यू जर्सीहून वाचतेय. आमच्या मंडळाच्या नाटकवेड्यांनाही धागा पाठवला. एक शंका: मामा नसेल तर नवरीला मांडवात कोण आणतं?

शास्त्रीबुवांची नात

चुलत मामा, आईचा मावसभाऊ, तेही नसले तर भाऊ. अडत काही नाही, आईच्या मनाला लागतं एवढंच. आमच्याकडे आणखी एक रीत आहे: मंगलाष्टकांच्या वेळी मुलीची आई मांडवात उभी राहत नाही. तुळशीपाशी जाते किंवा आत बसते. लग्न लागताना तिने पाहायचं नसतं. सगळ्याच घरांत पाळतात असं नाही, पण तुमच्या नाटकातली आई त्या रीतीची असेल तर शेवटची पाच मिनिटं ती त्या खोलीत एकटी राहील.

कोपऱ्यातली खुर्ची

आणि तिला मांडव फक्त ऐकू येईल. विंगेतले म्हणतात तसा.

वैदर्भीय

एक विचारू? आईला खरंच काहीच कळलेलं नाही? आमच्या आजीला नंतर सांगितलं तेव्हा ती रडली, पण चकित झाली नाही. रुमालाची गाठ तिने तोवर सोडलेली होती. तिला कधी कळलं ते आम्हाला कुणालाच माहीत नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

तिसरी घंटा

इथे मला भीती वाटते. "आईला आधीपासूनच माहीत होतं" हा शेवट फार बघितलाय. पुन्हा तोच दणका, फक्त उलट बाजूने. ताई, तो मोह टाळा.

वैदर्भीय

मी शेवट म्हणून नाही सुचवत. तुम्ही ठरवूच नका, एवढंच म्हणतेय.

सांजवात

मंडळी, दहा दिवसांनी येतेय. नवा खर्डा उभा राहिला आणि काल पहिली तालीम झाली. काय झालं ते जसंच्या तसं सांगते.

बातमी आता तिसऱ्या मिनिटाला येते. भाऊ एकटा खोलीत, मामीचा फोन, तो फक्त "हो... हो मामी... नाही, आईला नको" एवढंच बोलतो आणि मग फोन चार्जिंगला लावतो, पिन दोनदा चुकते. बस. त्यानंतर त्याच्या हाताला मी काम दिलंय: अक्षतांच्या पुड्या बांधणं. साडेतीनशे पुड्या बांधायच्या आहेत आणि तो अख्खं नाटक पुड्या बांधतोय. गुरुजींचा प्रसंग आहे, फेटेवाला तीनदा येतो.

चौथ्यांदा येतो तेव्हा सव्वाबारा होऊन गेलेत. तो म्हणतो, "आता मात्र निघतो ताई." आई एक क्षण थांबते आणि भावाकडे बोट करून म्हणते, "ह्याला बांधा." मी एवढंच लिहिलं होतं. पुढे दोन पानं संवाद होता: भाऊ नाही म्हणतो, आई समजावते, मामाच्या आठवणी वगैरे.

आमच्यातला जो फेटेवाला करतो, तो पोरगा खरोखर एका फेटे बांधणाऱ्याकडे चार दिवस जाऊन शिकून आला होता. त्याने कापड झटकलं, एक टोक आईचं काम करणाऱ्या ताईंच्या हातात दिलं आणि म्हणाला, "ताणून धरा." कापड लांब, त्यामुळे त्या पार खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. ह्या टोकाला मुलगा स्टुलावर बसलेला. मधे अख्ख्या रंगमंचावर ताणलेलं ते केशरी कापड. तो एकेक वेढा घ्यायला लागला. प्रत्येक वेढ्याला कापड आखूड होतं, ना? त्या पाऊल पाऊल पुढे ओढल्या जात होत्या. मुलगा मान हलवू शकत नाही, नजर वळवू शकत नाही, कारण फेटा बिघडेल. ते दोघं एकमेकांकडे बघताहेत आणि मधलं अंतर कमी होतंय. शेवटच्या वेढ्याला त्या त्याच्यासमोर हातभर अंतरावर येऊन पोचल्या. टोक खोचलं. बाहेरून माइकवर गुरुजी: "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावे."

कुणीच बोललं नाही. दोघांना संवाद पाठ होते, तरी बोलले नाहीत. मुलगा उठला, पुड्यांची परात बाजूला ठेवली, बहिणीचा हात धरला आणि गेला.

मी ती दोन पानं काढून टाकली आहेत. आईला कळलं की नाही, हे मी ताईंना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. वैदर्भीयताई, हे तुमच्यामुळे.

त्यानंतर ताई रिकाम्या खोलीत, बाहेर मंगलाष्टका. मी आठही ठेवल्या आहेत, पूर्ण. त्या पाटावर बसतात, पोरगा विसरून गेलेल्या पुड्या पुढ्यात ओढतात आणि बांधायला लागतात.

आता एकच प्रश्न उरलाय, विंगेतले दादा, तुमच्यासाठी. त्या पाच मिनिटांत प्रकाश हळूहळू कमी करत फक्त त्यांच्या हातांवर आणावा, असं आमच्या गटातल्या सगळ्यांचं म्हणणं आहे. मला नक्की कळत नाहीये.

विंगेतला

कमी करू नका. दुपारचे साडेबारा वाजलेत, पत्र्याच्या छताचं कार्यालय आहे, खिडकीतून ऊन येत असणार. आहे तसा लख्ख राहू द्या. आठव्या "सावधान"नंतर वाजंत्री सुरू झाली की दहा सेकंद मोजा, आणि लख्ख उजेडातच पडदा.

बांधावरचा

प्रयोगाची तारीख टाका. कोल्हापूरहून येतोय, दोन तिकिटं ठेवा.